सुतारीची शाळा : नेस, स्टॉकहोम, फोर्ट ब्रॅग

उत्तर युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुतारकामाला शाळेत प्रवेश मिळाला, तो सुतारांनी मागणी केली म्हणून नव्हे. सुताराच्या हातातून विद्या निसटू लागली होती, आणि ती कोठेतरी ठेवली पाहिजे असे ज्यांना वाटले ते बहुतेक सुतार नव्हते. त्यांच्यात कोणी धर्मोपदेशक होता, कोणी व्यापारी, कोणी पंतोजी. या विसंगतीपासून आरंभ केल्याशिवाय त्या शाळांचा इतिहास नीट उलगडत नाही.

स्वीडनमध्ये १८४६ साली कारागीर-संघांचे जुने हक्क रद्द झाले आणि १८६४ मध्ये धंद्याचे स्वातंत्र्य पूर्णपणे मान्य करण्यात आले. तोवर फर्निचरचे नाजूक काम शिकण्याची एकच वाट होती. पोराने उस्तादाच्या घरी राहायचे, झाडलोट करायची, सरस उकळायचा, हत्यारांना धार लावायची, आणि काही वर्षांनी उमेदवारीची परीक्षा देऊन ‘येसेल’, म्हणजे मान्यताप्राप्त कारागीर, व्हायचे. पुढे गावोगाव काम करून, आपली सर्वोत्तम कृती संघापुढे ठेवून तो उस्ताद होई. ही व्यवस्था मक्तेदारीची होती, अनेकदा जुलमीही होती. तिच्या अस्ताबद्दल केवळ हळहळणे इतिहासाला धरून होणार नाही. पण तिच्यात एक गोष्ट आपोआप घडत असे. ज्याला काम येत होते तोच शिकवीत होता, आणि शिकवण्याची जागा व कामाची जागा एकच होती. संघ मोडले तेव्हा धंद्याची दारे सर्वांना उघडी झाली. विद्येचे हस्तांतर मात्र कोणाचीच जबाबदारी उरली नाही. त्याच सुमारास खेड्यांतील शेतकरी-घरांत हिवाळ्याच्या लांब रात्री चालणारे लाकूडकाम कारखान्याच्या स्वस्त मालापुढे मागे हटत होते. या घरगुती कौशल्याला स्वीडिश भाषेत जो शब्द आहे, तो इंग्रजीच्या वाटेने ‘स्लॉइड’ या रूपात जगभर गेला. हस्तकौशल्य, हिकमत, हातचलाखी या अर्थच्छटा त्याच्या मुळाशी आहेत. पुढे तो एका शिक्षणपद्धतीचे नाव झाला आणि त्यातील हिकमतीची छटा बरीचशी पुसली गेली.

या पद्धतीचा पहिला प्रवर्तक फिनलंडचा उनो सिग्नेउस (१८१०–१८८८). तो लूथरपंथी धर्मोपदेशक. १८४० ते १८४५ या काळात तो रशियाच्या ताब्यातील अलास्कात, सिट्का येथे, सेवेला होता. पेस्टालोझी आणि फ्रोबेल यांच्या विचारांनी भारलेल्या या माणसाने फिनलंडच्या लोकशाळांची घडी बसवली. १८६३ मध्ये युवास्क्युला येथे शिक्षकांचे विद्यालय सुरू झाले आणि १८६६ च्या शाळाविषयक कायद्याने मुलांसाठी हस्तकाम सक्तीचे केले. सामान्य शिक्षणाचा आवश्यक भाग म्हणून हाताच्या कामाला एखाद्या देशाच्या कायद्यात स्थान मिळाल्याचे हे बहुधा पहिलेच उदाहरण होय.

परंतु या कल्पनेला शास्त्राचे रूप आले ते स्वीडनमध्ये, गोथेनबर्गपासून जवळच असलेल्या नेस या जहागिरीवर. गोथेनबर्गचा धनाढ्य व्यापारी ऑगस्ट अब्राहामसन (१८१७–१८९८) याने १८६८ मध्ये ही तळ्याकाठची जहागीर विकत घेतली. पुढच्याच वर्षी त्याची गायिका पत्नी वारली. निपुत्रिक अब्राहामसनने बहिणीचा मुलगा ऑट्टो सॅलोमन (१८४९–१९०७) याला कारभारासाठी हाताशी घेतले आणि मामा-भाच्यांनी १८७२ मध्ये आसपासच्या मुलांसाठी कामाची शाळा काढली. प्रथम हेतू साधा होता : खेड्यातल्या मुलांच्या हाताला काम. लवकरच शिक्षक तयार करण्याचे वर्ग सुरू झाले. १८७७ मध्ये सॅलोमन फिनलंडला जाऊन सिग्नेउसला भेटला आणि तेथून परतताना त्याचा विचार पालटला. लाकूडकाम हे पोटापाण्याचे साधन म्हणून नव्हे, तर माणूस घडवण्याचे साधन म्हणून शिकवायचे, असे त्याने ठरवले. त्यानंतर नेसला शिक्षकांची रीघ लागली. पाच-सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी इंग्लंडहून, अमेरिकेहून, युरोपच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येत. दिवसभर बाकापाशी काम, मधूनच व्यायाम, संध्याकाळी खेळ, गाणी आणि सॅलोमनची व्याख्याने असा तेथला क्रम असे.

सॅलोमनची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. मुलाच्या हाती पहिले हत्यार द्यायचे ते सुरी. खेड्यातल्या प्रत्येक पोराच्या खिशात ती असतेच, आणि सुरीने लाकूड तासताना तंतूंची दिशा हाताला आपोआप कळते. मग नमुन्यांची मालिका. पहिला नमुना म्हणजे एक साधी टोकदार काडी, मुळाक्षरांवर बोट ठेवावे तशी ठेवण्यासाठी. पुढे चमचा, हत्यारांच्या मुठी, टांगणी, आणि अखेरीस सांधे घातलेल्या पेट्या व लहान फर्निचर. प्रत्येक नमुन्यात एखादीच नवी क्रिया यावी, आधीच्या क्रियांची उजळणी व्हावी, आणि वस्तू घरात वापरता यावी, हा नियम. शोभेच्या वस्तू वर्ज्य. कामाची वाटणीही वर्ज्य. आरंभापासून शेवटपर्यंत एकाच मुलाने एक वस्तू करायची. वर्गाला एकत्र हुकूम द्यायचे नाहीत, प्रत्येकाला त्याच्या गतीने पुढे जाऊ द्यायचे. करवत चालवताना पाय कोठे, पाठ कशी, खांदा किती वाकलेला, यांची चित्रेही त्याने आपल्या हस्तपुस्तकात दिली. मराठी वाचकाला यात जुन्या पंतोजींच्या शाळेतील धुळपाटीचे आणि ओनाम्याचे स्मरण होईल. फरक एवढाच की येथे अक्षर गिरवायचे ते लाकडावर, आणि चूक झाली तर ती पुसता येत नाही.

या पद्धतीत एक गंभीर उणीव होती, आणि तिला सॅलोमन उणीव मानीत नसे. हस्तकाम शिकवणारा माणूस कारागीर असू नये, तो शिक्षकच असावा, असा त्याचा आग्रह होता. सिग्नेउसचेही मत तेच. कारागीर वस्तूकडे पाहतो, शिक्षक मुलाकडे पाहतो, ही त्यामागची भूमिका. वस्तू हा या शिक्षणाचा हेतू नाही. ती मुलगा घडवून झाल्यावर उरलेली खूण आहे, असे काहीसे हे तत्त्वज्ञान होते. श्रमाची आवड, हातकामाविषयी आदर, नीटनेटकेपणा, स्वावलंबन हे गुण त्यातून यावेत. उद्देश उदात्त, यात शंका नाही. पण त्याचा व्यावहारिक परिणाम असा की ज्या विद्येचा आदर वाढवायचा, त्या विद्येचा धनी शाळेच्या दाराबाहेरच राहिला. शिवाय सहा आठवड्यांत तयार झालेला शिक्षक जे शिकवू शकतो ते सुतारीचा परिचय असते, सुतारी नव्हे. हातकामाचा सन्मान आणि हातकाम करणाऱ्याचा सन्मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली साधली म्हणजे दुसरी साधेलच असे नाही.

भारतात या प्रश्नाला वेगळी धार आली, कारण येथे कारागिरी जातीशी बांधलेली होती. महाराष्ट्राच्या गावगाड्यात सुतार हा पहिल्या ओळीतला बलुतेदार. नांगर, पाभर, गाडी, घराचे वासे ही त्याची कामे, आणि त्याबद्दल सुगीत मिळणारे धान्य हा त्याचा हक्क. त्याची विद्या घरात मुलगा शिके, बाहेरचा शिकत नसे, आणि घरातला मुलगा दुसरे काही शिकत नसे. रंधा, पटाशी, वाकस, गुण्या, खतकस अशी त्याची सगळी शब्दसंपत्ती मराठीत होती आणि ती बोलीतच राहिली. मोल्सवर्थसारख्या कोशकाराने त्यातले पुष्कळसे शब्द टिपले. मराठी गद्याने मात्र त्यांच्याकडे क्वचितच पाहिले. एखाद्या भाषेतील धंद्याचे शब्द कोशात असणे आणि वाङ्मयात नसणे यावरूनही त्या समाजाची रचना ओळखता येते.

इंग्रजी अमदानीत निघालेल्या कलाशाळांनी या बंदिस्त विद्येला हात घातला. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दहा वर्षे काम केलेला जॉन लॉकवुड किपलिंग १८७५ मध्ये लाहोरच्या मेयो कलाशाळेचा प्रमुख झाला आणि तेथे त्याने कारागिरांची मुले मिळवण्याचा प्रयत्न केला. त्या शाळेचा सर्वांत नामांकित विद्यार्थी म्हणजे भाई रामसिंग (१८५८–१९१६). पंजाबातील रामगढिया सुतार कुटुंबात जन्मलेला हा मुलगा शाळेत शिकला, तेथेच शिक्षक झाला, इंग्लंडला जाऊन त्याने राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बर्न येथील निवासस्थानातील दरबार-दालनाची सजावट केली, अमृतसरच्या खालसा महाविद्यालयाची वास्तू कल्पिली आणि १९१० मध्ये लाहोरच्या शाळेचा तो प्राचार्य झाला. सॅलोमनने जे दार बंद ठेवले होते ते येथे, परकीय सत्तेच्या छायेत का होईना, एका सुतारासाठी उघडले. मात्र या घटनेचा फार गौरव करण्याचे कारण नाही. दार उघडले ते एकासाठी. आणि त्या एकालाही बाक सोडून आरेखनाच्या मेजाकडे जावे लागले, तेव्हाच त्याचे नाव इतिहासात आले.

बडोद्याला १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने कलाभवन निघाले. त्याचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर रसायनशास्त्रज्ञ होते आणि सुरतच्या सुतार घराण्यातले होते. गज्जर हे आडनावच ते सांगते. देशी भाषांतून तंत्रविद्या शिकवावी, त्यासाठी परिभाषा घडवावी, पुस्तके लिहवून घ्यावीत, असा त्यांचा ध्यास होता. दादासाहेब फाळके या संस्थेतून गेले, हे सर्वश्रुत आहे. गज्जरांचा प्रयत्न भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये असा आहे, कारण कारागिरीला शाळेत आणायचे तर प्रथम ती कोणत्या भाषेत आणायची, हा प्रश्न त्यांनी ओळखला होता.

नेसशी भारताचा सरळ संबंध मात्र बंगालमधून आला. शांतिनिकेतनातील लक्ष्मीश्वर सिन्हा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस स्वीडनला गेले आणि नेसची पद्धत शिकून आले. एस्परांतो भाषेचे ते निष्ठावंत उपासक होते आणि त्या भाषेतून त्यांनी उत्तर युरोपात व्याख्याने दिली. रवीन्द्रनाथांच्या श्रीनिकेतनात हातकामाला जे स्थान होते त्यात या स्वीडिश पद्धतीची भर पडली. रवीन्द्रनाथांचे पुत्र रथीन्द्रनाथ हे स्वतः लाकडाचे कुशल कारागीर होते. शांतिनिकेतनातील ‘गुहाघर’ हे त्यांचे कामाचे ठिकाण, आणि निरनिराळ्या रंगांची लाकडे जडवून केलेल्या त्यांच्या वस्तू आजही त्यांच्या हाताची साक्ष देतात. एका ब्राह्मो जमीनदार घराण्याच्या वारसाने रंधा हाती धरणे ही सामाजिकदृष्ट्या लहान गोष्ट नव्हती.

यानंतर १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षणपरिषद भरली आणि झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाची योजना मांडली. सूतकताई-विणकाम, शेती यांच्याबरोबर सुतारकाम हाही मूलोद्योग म्हणून सुचवण्यात आला. गांधीजींची कल्पना नेसवरून घेतलेली नाही, आणि तसे दाखवण्याचा मोह टाळला पाहिजे. सॅलोमनला वस्तूची किंमत गौण होती. गांधीजींना मुलाच्या कामातून शाळेचा खर्च निघावा असे वाटे. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी तेव्हाच हरकत घेतली होती, की शाळेचा माल बाजारात आला तर तो व्यावसायिक कारागिराच्याच पोटावर येईल. म्हणजे वर्ध्यालाही प्रश्न पुन्हा तोच उभा राहिला : शाळेत सुतारी आली, तर सुताराचे काय? योजना पुढे विरली ती वेगळ्या कारणांनी, परंतु या प्रश्नाचे उत्तर तिने दिले असे म्हणता येत नाही.

स्वीडनमध्ये या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडणारा माणूस म्हणजे कार्ल माल्मस्टेन (१८८८–१९७२). स्टॉकहोममधील एका डॉक्टरचा हा मुलगा पांढरपेशा वाट सोडून पेर यॉन्सन या फर्निचर-कारागिराकडे उमेदवारीला गेला. १९१६ मध्ये स्टॉकहोमच्या नव्या नगरभवनाच्या फर्निचरसाठी झालेली स्पर्धा त्याने जिंकली आणि तो एकदम प्रसिद्धीस आला. १९२३ मध्ये युवराज गुस्ताफ आडोल्फ याच्या विवाहानिमित्त उलरिक्सडाल राजवाड्यातील दिवाणखान्याचे फर्निचर त्याने सिद्ध केले. पण त्याची मनोवृत्ती दरबारी नव्हती. खेड्यातल्या देवळात पाहिलेली साधी खुर्ची त्याला वर्षानुवर्षे छळू शकत असे. ओलांड द्वीपसमूहातील फिनस्ट्रॉमच्या चर्चमधल्या तशाच एका खुर्चीवरून १९४२ मध्ये त्याने उभ्या काठ्यांच्या पाठीची ‘लिल्ला ओलांड’ ही खुर्ची रचली, आणि ती अजूनही तयार होते.

१९३० हे वर्ष स्वीडिश कलेच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी स्टॉकहोमला जे भव्य प्रदर्शन भरले, त्याने उपयुक्ततावादी आधुनिक वास्तुकलेची ग्वाही दिली : पोलाद, काच, साचेबंद उत्पादन, मोकळ्या भिंती. माल्मस्टेन त्याचा कडवा विरोधक होता. आणि त्याच वर्षी त्याने स्टॉकहोममध्ये आपली कार्यशाळा-शाळा सुरू केली. नव्याच्या विरोधात माणूस बहुधा लेख लिहितो. याने लेखही लिहिले आणि शाळाही काढली. येथे शिकवणारे कारागीर होते. सॅलोमनने वगळलेला माणूस माल्मस्टेनने गुरुस्थानी बसवला, ही त्याची खरी क्रांती. तो स्वतः हटवादी होता, रूपाविषयीची त्याची मते परंपरेकडे झुकलेली होती, आणि आधुनिकांवर त्याने केलेली टीका काही वेळा अन्यायाचीही होती. तरीही त्याच्या शाळेतून बाहेर पडलेल्यांच्या कामात त्याच्या शैलीची नक्कल सरसकट दिसत नाही, हे शाळेचे श्रेय मानले पाहिजे. पुढे, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, त्याने एलांड बेटावरील विक्लेबी गावात एक जुने शेतघर घेतले आणि १९६० मध्ये तेथे ‘कपेलागोर्डेन’ ही दुसरी शाळा उभी केली. लाकूडकामाबरोबर मातकाम, विणकाम आणि बागकामही तेथे आले.

अशा शाळेत नवखा विद्यार्थी प्रत्यक्ष काय शिकतो, हे सांगितल्याशिवाय तिचे मोल कळणार नाही. पहिली शिकवण धारेची. रंध्याचे पाते आणि पटाशी दगडावर घासून तिची पाठ आरशासारखी सपाट करायची. अंगावरचा केस अलगद उतरला तर धार लागली. यात दिवस जातात, आणि उतावळा विद्यार्थी येथेच कंटाळतो. मग एक ओबडधोबड फळी घेऊन तिचा एक पृष्ठभाग सपाट करायचा. हे ऐकायला सोपे आहे. फळी वाकलेली असते, पिळलेली असते, तिच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या ठेवून डोळा खाली नेऊन पाहिले की पीळ दिसतो. उंच कोपरे उतरवीत जायचे, पुन्हा पाहायचे. त्या पहिल्या पृष्ठावरून कड काटकोनात, त्या कडेवरून खतकसाने जाडी, मग दुसरे पृष्ठ. पहिल्या पृष्ठात केसाएवढी चूक राहिली तर ती कपाटाच्या दारापर्यंत चालत येते आणि तेथे बोटाएवढी होते.

दुसरी शिकवण लाकूड मेलेले नसते, ही. वाळल्यानंतरही ते हवेतील दमट-कोरडेपणाबरोबर रुंदीत फुगते आणि आक्रसते. लांबीत जवळजवळ बदलत नाही. मुंबई-कोकणात पावसाळ्यात खण अडकतो आणि दिवाळीनंतर सुटतो, त्याचे कारण हेच. म्हणून रुंद फळीचे दार एकसंध ठोकून बसवता येत नाही. चौकट करायची, चौकटीच्या आतल्या कडेला खाच काढायची आणि मधली फळी त्या खाचेत सरस न लावता मोकळी ठेवायची, म्हणजे ती फुगो वा आक्रसो, चौकट तिला सामावून घेते. युरोपातील उस्तादांना हे शतकानुशतके ठाऊक होते आणि आपल्याकडील वाड्यांच्या दारांतही हीच युक्ती दिसते. पेटीच्या कोपऱ्यांत पंख्यासारख्या दातांचा डव्हटेल सांधा घालतात. त्याचे दात एका दिशेने ओढले असता अधिकच घट्ट बसतात, त्यामुळे खणाच्या दर्शनी फळीला कितीही हिसके बसले तरी ती निखळत नाही. साल आणि कुसू यांचा सांधा हाताने दाबून बसावा, हातोडीने ठोकावा लागला तर तो फार घट्ट, आपोआप पडला तर सैल. हा मधला अंदाज पुस्तकात लिहून देता येत नाही. गुरू विद्यार्थ्याच्या सांध्याला एकदा अंगठ्याने दाबून पाहतो आणि काही न बोलता पुढच्या बाकाकडे जातो. त्या न बोलण्याचा अर्थ कळायला विद्यार्थ्याला काही महिने लागतात.

शेवटी ‘येसेल’ची परीक्षा. कारागीर-संघ गेले, पण हे प्रमाणपत्र स्वीडनमध्ये टिकले आणि अशा शाळांतील विद्यार्थी आजही त्यासाठी बसतात. आरेखन आधी मान्य करून घ्यायचे, ठरलेल्या तासांत काम पुरे करायचे, आणि ते परीक्षकांपुढे ठेवायचे. परीक्षक दर्शनी भाग पाहतात तसा खणाचा तळ आणि मागची बाजूही पाहतात. सॅलोमनच्या नेसमध्ये परीक्षा मुलाची होती. येथे ती कपाटाची आहे. कपाट निर्दोष असेल तर माणूस घडला असे धरून चालतात, आणि ते नेहमीच खरे असते असे नाही. चांगले कपाट करणारा तुसडा आणि आत्मतृप्त असू शकतो. पण उलट गृहीत, म्हणजे माणूस घडला की कपाट आपोआप चांगले होईल हे, त्याहून अधिक फसवे आहे.

माल्मस्टेनच्या शाळेचा सर्वांत दूरवर पोहोचलेला विद्यार्थी म्हणजे जेम्स क्रेनॉव्ह (१९२०–२००९). सैबेरियाच्या ईशान्य टोकाला उएलेन येथे त्याचा जन्म झाला. बालपणाची काही वर्षे अलास्कात गेली. सिग्नेउस ज्या भूमीवर धर्मोपदेश करीत होता त्याच भूमीवर हा मुलगा सुरीने लाकडाची खेळणी कोरीत होता, हा योगायोगच. पण इतिहासकाराने असे योगायोग नोंदवण्यास हरकत नाही. १९४७ मध्ये तो स्वीडनला गेला, कारखान्यात राबला, आणि वयाच्या छत्तिसाव्या-सदतिसाव्या वर्षी, १९५७ मध्ये, स्टॉकहोमच्या शाळेत दाखल झाला. तेथे येऑर्ग बुलिन हा त्याचा गुरू. बुलिन फर्निचरबरोबर वाद्येही घडवी. अकरा तारांची गिटार ही त्याची निर्मिती. लाकडाच्या फळीकडे कपाटाचा भाग म्हणून पाहणे आणि नाद देणारी वस्तू म्हणून पाहणे, या दोन दृष्टी एकाच गुरूकडे असणे हे शिष्याचे भाग्य म्हटले पाहिजे.

१९७६ मध्ये क्रेनॉव्हचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. एका कपाट-कारागिराची टिपणवही असे त्याचे स्वरूप. पुढे आणखी तीन ग्रंथ आले. सुतारीवरील पुस्तके तोवर मापांची आणि कृतींची असत; या पुस्तकांत एक माणूस विचार करीत होता. पूर्ण मापांचे आरेखन आधी करून त्याबरहुकूम लाकूड कापणे त्याला मान्य नव्हते, आणि येथे तो आपल्या शाळेपासून दूर गेला. तो फळी समोर ठेवी, तिच्या रेषांचा कल पाही, स्वस्त लाकडाचा कच्चा ढाचा उभा करी, आणि कपाट जसजसे वाढे तसतसा बदल करी. वाढीच्या वर्तुळांची रेघ दाराच्या दोन फळ्यांतून कशी वाहील, खणाच्या दर्शनी बाजूला ती आत ओढेल की बाहेर ढकलेल, यावर तो दिवस घालवी. पृष्ठभाग काचकागदाने घासणे त्याला नावडते, कारण काचकागद तंतू ओरबाडतो, रंध्याचे तीक्ष्ण पाते ते स्वच्छ कापते आणि लाकडाचा उजेड तसाच ठेवते. अशी नजर पूर्वी उस्तादांना नव्हती असे नाही. त्यांनी ती लिहून ठेवली नव्हती. क्रेनॉव्हच्या लेखनात आत्मगौरवाचा सूर अधूनमधून लागतो, यंत्रयुगाविषयीची त्याची तक्रारही पुनरुक्तीला पोहोचते. परंतु हाताच्या निर्णयांना वाक्यांत पकडण्याचे जे काम त्याने केले ते विरळा आहे. साहित्याच्या अभ्यासकाने ही पुस्तके वाचावीत ती एवढ्यासाठी.

१९८१ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील फोर्ट ब्रॅग या किनाऱ्यावरच्या गावात, रेडवुड्स महाविद्यालयाच्या आश्रयाने, त्याने आपला वर्ग सुरू केला. कॅलिफोर्नियाला स्वीडिश पद्धत नवी नव्हती. सांता बार्बरा येथे ॲना ब्लेक यांनी १८९१ मध्ये हस्तकामाची शाळा काढली होती. ती वाढत वाढत आज कॅलिफोर्निया विद्यापीठाची एक शाखा झाली आहे, आणि या वाढीत तिच्यातले हस्तकाम केव्हाच गळून पडले. नव्वद वर्षांनी त्याच राज्यात आलेली दुसरी शाळा मात्र मोठी व्हायला तयार नव्हती. वर्षाला वीस-बावीस विद्यार्थी, प्रत्येकाला स्वतःचा बाक. विद्यार्थ्यांत वकील, संगणकतज्ज्ञ, निवृत्त माणसे, विशीतली मुले-मुली. पहिले काम म्हणजे स्वतःचा लाकडी रंधा तयार करणे. ठोकळा कापून, पात्यासाठी उतार साधून, पुन्हा चिकटवून, तळ सपाट करून जो रंधा होतो तो करणाऱ्याच्याच पंजात बसतो. पुढचे वर्षभराचे काम त्याच रंध्याने.

या विद्यार्थ्यांकडे पाहून जुना प्रश्न पुन्हा डोके वर काढतो. ज्यांना परवडते तेच हे शिक्षण घेतात. त्यांच्यापैकी थोड्यांनाच या कामावर पोट भरता येते. संघाच्या काळी गरिबाचा मुलगा धंदा म्हणून जे शिके, ते आता सुशिक्षिताने अर्थपूर्ण जगण्यासाठी शिकायचे झाले. आपल्याकडे तर सुताराचा मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून प्लायवूड आणि लॅमिनेट बसवायला शिकून बाहेर पडतो आणि आजोबांचा रंधा माळ्यावर असतो. त्याच्यासाठी अशी शाळा कोणी काढलेली नाही. माल्मस्टेनने कारागिराला गुरू केले, क्रेनॉव्हने कारागिराला लेखक केले; परंतु कारागिराच्या मुलाला विद्यार्थी करणे दोघांच्याही आवाक्याबाहेर राहिले.

स्टॉकहोमची शाळा २००० मध्ये लिन्शेपिंग विद्यापीठात सामील झाली आणि २००९ मध्ये लिडिंग्यो येथे नव्या जागेत गेली. कारागिरीला पदवी मिळाली, तशी विद्यापीठाची गणितेही तिच्या वाट्याला आली. विक्लेबीची शाळा आपल्या शेतघरातच आहे. फोर्ट ब्रॅगचा वर्ग २०१७ मध्ये मेंडोसिनो महाविद्यालयाकडे गेला आणि त्याला क्रेनॉव्हचे नाव मिळाले. क्रेनॉव्ह स्वतः २००२ मध्ये अध्यापनातून निवृत्त झाला. आयुष्याच्या अखेरीस त्याची दृष्टी क्षीण झाली आणि कपाटे करणे थांबले. रेषांचा कल आता दिसत नव्हता. रंधे मात्र तो करीत राहिला. ठोकळा बोटांनी चाचपून, कड अंगठ्याने पाहून, एकामागून एक, दुसऱ्यांच्या हातांसाठी.